बोर्डिंगच्या पाटीवर जातीचे नाव का?

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात एम. ए. करीत असून विद्यापीठाच्या आवारातील डॉ. आप्पासाहेब पवार विद्यार्थी भवनात ‘कमवा व शिका’ योजनेखाली राहतो. येथे खोलीतला सोबती कोणत्या जातीचा आहे, हे कोणी विचारत नाही. माझे पणजोबा मात्र कोल्हापुरात शिकायला आले तेव्हा मराठा बोर्डिंगात राहिले होते, असे घरी सांगतात. दसरा चौकातून जाताना जैन, लिंगायत, मुस्लिम अशी नावे असलेली बोर्डिंगे आजही दिसतात. जातिभेद मोडू पाहणाऱ्या शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहे का काढली? आणि ‘प्रिन्स शिवाजी’ बोर्डिंगाच्या नावातले शिवाजी म्हणजे शिवछत्रपतीच ना? — एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : महाराजांनी सुरुवात जातवार वसतिगृहापासून केलीच नव्हती, ही गोष्ट आपल्याकडे बहुधा विसरली जाते. १८९६च्या सुमारास राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी जे वसतिगृह निघाले, ते सर्व जातींच्या मुलांना खुले होते. कोणाला मज्जाव करणारा नियम नव्हता, तरीही थोड्याच वर्षांत तेथे जवळजवळ केवळ ब्राह्मण विद्यार्थीच उरले. कागदावर सर्वांसाठी असलेली इमारत प्रत्यक्षात एकाच समाजाची होऊन बसली, आणि पुढची सारी बोर्डिंगे या अनुभवातून उभी राहिली.

असे का झाले, हे समजून घ्यायचे तर त्या काळच्या स्वयंपाकघरात डोकवावे लागते. निजायला खोली मिळणे ही त्या वेळी दुय्यम बाब होती. खरा पेच पंगतीचा आणि पाण्याच्या घागरीचा होता. एकाच चुलीवरचे अन्न एकाच पंगतीत बसून खाणे बहुतेक घरांना मान्य नव्हते, आणि आपला मुलगा परक्या पंगतीत जेवतो हे कळताच त्याला परत गावी बोलावणारे पालक सगळ्याच जातींत होते. गरीब ब्राह्मण मुलाला शहरात निदान वार लावून जेवता येई, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी अशी आठवड्याची सोय होई; तेही न जमले तर माधुकरी मागण्याची रूढी होती. पन्हाळा किंवा शिरोळकडच्या खेड्यातून आलेल्या कुणब्याच्या, धनगराच्या किंवा शिंप्याच्या मुलाला यांपैकी कोणतीच वाट मोकळी नव्हती. शाळेची फी माफ झाली तरी रात्री जेवायचे कोठे, या एका प्रश्नापायी त्याचे शिक्षण थांबत असे. शिक्षणाच्या इतिहासात आपण शाळा आणि परीक्षा यांविषयी पुष्कळ लिहितो, जेवणाविषयी फारच कमी. वास्तविक कोल्हापूरचा हा अध्याय मुख्यतः भाकरीचाच आहे.

म्हणून १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगाची स्थापना झाली. राणी व्हिक्टोरियाचे निधन त्याच वर्षीच्या जानेवारीत झाले होते, त्यावरून नावाचा उलगडा होतो. त्याच साली दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. १९०६ मध्ये मुस्लिम समाजाच्या शिक्षणासाठी संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. त्यापूर्वी काही मुस्लिम विद्यार्थ्यांची सोय त्यांनी मराठा बोर्डिंगातच करून दिली होती. लिंगायत बोर्डिंग १९०७ चे. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल सुरू झाले आणि त्याला मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव देण्यात आले. पुढे शिंपी, सोनार, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती, ढोर-चांभार, सुतार, नाभिक अशा अनेक समाजांची वसतिगृहे निघून ही संख्या वीसच्या पुढे गेली. कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हणतात ते यामुळेच.

पद्धत साधारण अशी असे, की जागा, अनुदान किंवा वार्षिक उत्पन्नाची तजवीज दरबाराने करावी, आणि उरलेला पैसा व रोजचा कारभार त्या त्या समाजाने सांभाळावा. यातले धोरण लक्षात घेण्यासारखे आहे. एकट्या दरबाराच्या खजिन्यातून एवढी वसतिगृहे चालली नसती; आणि आपल्या जातीचे बोर्डिंग म्हटल्यावर जो व्यापारी किंवा पाटील थैली मोकळी करी, त्याने ती सर्वांच्या बोर्डिंगासाठी त्या काळी केली असती असे मला वाटत नाही. शिवाय जुलै १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला होता. त्या जागांवर बसण्याजोगी शिकलेली माणसे बोर्डिंगांतूनच तयार व्हायची होती. हुकूम आणि बोर्डिंग ही एकाच कामाची दोन अंगे होती.

यामुळे जातीची कुंपणे पक्की होतील, ही शंका महाराजांच्या हयातीतही घेतली गेली, आणि ती निराधार होती असे म्हणता येत नाही. मात्र राहण्याची व्यवस्था वेगवेगळी ठेवणाऱ्या महाराजांनीच १९१९ मध्ये अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना इतरांबरोबर एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. चुली वेगळ्या राहिल्या तरी वर्ग एकच असला पाहिजे, असा हा हिशेब होता. चुलीही एक व्हाव्यात, ही पुढची पायरी मात्र दुसऱ्या एका माणसाने चढली, आणि तो माणूस या बोर्डिंगांपैकीच एकात वाढला होता.

कुंभोजचे भाऊराव पाटील शिक्षणासाठी कोल्हापुरात आले तेव्हा जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्क होस्टेलच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांनी स्नान करून शुद्ध होण्यास नकार दिला आणि त्यावरून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले ते ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे. जातवार बोर्डिंगातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याने आपल्या मिश्र वसतिगृहाला, ज्यांच्या आश्रयाने ती जातवार बोर्डिंगे वाढली, त्यांचेच नाव दिले, याचा विचार आपल्या प्रश्नाच्या संदर्भात अवश्य करावा. आपण ज्या योजनेखाली विद्यापीठात राहता, ती ‘कमवा व शिका’ ही कल्पनाही भाऊरावांचीच. १९६२ मध्ये विद्यापीठ स्थापन झाल्यावर पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी ती सागरमाळावर आणली. पणजोबांचे बोर्डिंग आणि आपले विद्यार्थी भवन यांचे नाते असे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. प्रिन्स शिवाजी हे शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव. जून १९१८ मध्ये शिकारीच्या वेळी झालेल्या अपघातात ते ऐन तारुण्यात गेले, आणि १९२० साली सुरू झालेल्या मोफत मराठा बोर्डिंगाला त्यांचे नाव देण्यात आले. पाटीवर ‘छत्रपती’ नसून ‘प्रिन्स’ आहे, ते याचसाठी.