वाचकांचे प्रश्न : रस्त्यावरचा वादक आणि येणारे-जाणारे

प्रश्न : आमच्या बसस्थानकात एक वयस्कर गोंधळी तुणतुण्यावर म्हणत बसतात. कुणी मान वर करून बघत नाही. नवरात्रात मात्र त्यांनाच मंडपात लोक तास तास ऐकतात. गळा तोच, गाणं तेच. मग फरक कशाचा?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : फरक ऐकण्याच्या आधीच पडतो. चालता माणूस पहिल्यांदा डोळ्यांनी ठरवतो : कपडे कसे आहेत, बसलाय की उभा आहे, पुढ्यात काय मांडलंय. जमिनीवर बसलेला माणूस आणि पसरलेलं फडकं दिसलं की नजर बाजूला वळते. नजरेला नजर मिळाली तर काहीतरी द्यावं लागेल, ही धास्ती असते. आणि नजर वळली की ऐकणंही संपलं. मंडपात देणं आधीच ठरलेलं असतं, सुपारी दिलेली असते, म्हणून माणूस मोकळ्या मनानं बसतो.

हे फक्त आपल्याकडं होतं असं नाही. 12 जानेवारी 2007 रोजी, सकाळच्या गर्दीच्या वेळी, जोशुआ बेल हे जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक साध्या कपड्यांत, डोक्यावर टोपी घालून वॉशिंग्टनच्या एका मेट्रो स्थानकात वाजवत उभे राहिले. हातात 1713 सालचं स्ट्राडिव्हेरियस, म्हणजे जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या घडणीचं व्हायोलिन होतं. 43 मिनिटांत 1,097 माणसं समोरून गेली. थांबून ऐकलं फक्त 7 जणांनी, पैसे टाकले 27 जणांनी, जमले 32 डॉलर आणि काही सेंट. एका बाईंनी त्यांना ओळखलं आणि वेगळे 20 डॉलर दिले, कारण काही आठवड्यांपूर्वीच त्यांनी बेल यांचा कार्यक्रम ऐकला होता. थांबलेल्यांत एक जण तरुणपणी व्हायोलिन शिकलेला होता. लहान मुलं मात्र वळून वळून बघत होती आणि मोठी माणसं त्यांना ओढून नेत होती.

यावरून लोकांना अरसिक ठरवू नका. लातूरच्या गाडीमागं पळणाऱ्या माणसाकडून रसिकतेची अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे. पण ज्याचा कान आधी तयार झालाय तो घाईतही ओळखतो, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. आठवडी बाजारात संबळ वाजला की भजनी मंडळातला पखवाजी हातातली पिशवी खाली ठेवतो, ते यामुळंच.

आता तुमच्या गोंधळीबुवांपुरतं. तुणतुणं एका तारेचं, साथीचं वाद्य. ते संबळाच्या जोडीला सूर धरून ठेवायला असतं. एकटं वाजलं तर बसस्थानकातल्या घोषणा आणि इंजिनांच्या घरघरीत ते आठ-दहा पावलांवर विरून जातं. त्यांची जागा बदलून बघा. फलाटाच्या वाटेवरून उठवून, जिथं लोक गाडीची वाट बघत बसलेले असतात त्या बाकांच्या बाजूला, पाठीशी भिंत येईल असं बसवा. भिंतीमुळं आवाज पुढं फेकला जातो. खाली जमिनीवर नको, स्टूल द्या. ऐकणाऱ्याच्या नजरेच्या जवळ आलं की निम्मी धास्ती जाते. फेटा आणि कवड्यांची माळ असेल तर ती घालूनच बसू द्या. आणि दोन गाण्यांच्या मधे शांतता पडू देऊ नका. गाणं संपतं त्या क्षणी थांबलेली माणसं निघून जातात. मुरलेले गोंधळी बोलताना, पाणी पितानासुद्धा साथीदाराला तार छेडत ठेवायला लावतात. ही त्यांची पिढीजात हुशारी आहे. वासुदेव पहाटे येतो, माणूस कामाला लागायच्या आत. पोतराज आधी आसूड कडाडवतो, मग नाचतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचं कसं, हे या मंडळींइतकं कुणालाच कळलेलं नाही.

प्रश्न : मी दिमडी वाजवतो, मित्र बासरी. छत्रपती संभाजीनगरात संध्याकाळी रस्त्यावर वाजवायचं आहे. तयारी काय करावी?
– एक विद्यार्थी

उत्तर : वळणाच्या तोंडाशी उभे राहू नका. तुम्ही दिसल्यापासून तुमच्यापर्यंत पोचायला माणसाला पंधरा-वीस पावलं मिळाली पाहिजेत, म्हणजे थांबायचं की नाही हे ठरवायला वेळ मिळतो. अचानक समोर आलात तर तो दचकून पुढंच जाईल. चालायला वाट मोकळी ठेवा. दुकानाचं तोंड अडलं की पहिली तक्रार दुकानदाराचीच येते. तीन-चार मिनिटांचे तुकडे बसवा आणि सगळ्यात ओळखीची चाल सुरुवातीला घ्या.

डब्यात आधीच दहा-वीसच्या चार नोटा टाकून ठेवा. रिकामा डबा बघून पहिला हात पुढं होत नाही. शंभर-पाचशेची नोट आली की लगेच उचला, नाहीतर दहा रुपये देणाऱ्याला लाज वाटते. क्यूआर कोड जमिनीवर ठेवू नका, कमरेच्या उंचीवर लावा, वाकावं लागलं तर लोक टाळतात. पैसे जमा झाल्याचं बोलणारा डबा बंदच ठेवा, बासरीच्या मधेच तो बोलला की बसलेला रंग उतरतो.

दिमडीचं कातडं पावसाळ्यात सैल पडतं आणि आवाज भद्द येतो. वाजवण्याआधी जाळावर वीतभर अंतरावरून फिरवत शेका. एकाच जागी धरलं तर कातडं करपून तडकतं. एप्रिल-मेच्या उन्हात उलटं होतं, ते इतकं ताणतं की कडेनं फाटू शकतं. सावलीत ठेवा आणि सूर्य कलल्याशिवाय सुरू करू नका. बासरीही उन्हात तापली की चढते, तेव्हा सूर मधेमधे तपासत राहा.

प्रश्न : पोलीस उठवतात. कायदा काय म्हणतो?
– एक वाचक, परभणी

उत्तर : महाराष्ट्रात लागू असलेला 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा गाऊन, नाचून, कसरत दाखवून पैसे घेण्यालाही भीक मागणं मानतो. रस्त्यावरून जाणाऱ्याचा जो पहिला समज, तोच इथं कायद्यात उतरला आहे, आणि आम्हाला तो साफ चुकीचा वाटतो. दिल्ली उच्च न्यायालयानं 2018 मध्ये यातली बरीच कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. म्हणून महानगरपालिका आणि पोलीस ठाण्यात जागा, तारीख आणि वेळ लिहून अर्ज द्या, पोच घ्या आणि ती खिशात ठेवा. ध्वनिवर्धक लावायचा तर परवानगी लागतेच. रात्री 10 ते सकाळी 6 तो उघड्यावर चालत नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून 100 मीटरच्या आत उभे राहू नका.

प्रश्न : देवीची गाणी म्हणत जोगवा मागायला दारी आलेल्या आराध्याला धान्य द्यावं की पैसे?
– एक वाचिका, धाराशिव

उत्तर : परडीत जोगवा म्हणून पीठ-मीठ, धान्य द्यायची रीत आहे, ती पाळा. पण म्हणायला लावलं असेल तर वेगळे पैसेही द्या, कारण ती मेहनत आहे. आणि देऊन दार लावून घेऊ नका, एक कडवं तरी उंबऱ्यात उभं राहून ऐका.

प्रश्न : अशा कलावंतांचं मोबाइलवर चित्रीकरण केलेलं चालतं का?
– एक वाचक, जालना

उत्तर : आधी विचारा, आधी पैसे द्या, मग काढा. सोबत त्यांची लहान मुलं असतील तर त्यांचे चेहरे घेऊ नका.