टॉवर, पाऊस आणि सुटी सुटी मॉडेलं : वाचकांचे प्रश्न

मोबाइल नेटवर्क आपोआप चालवण्यासाठी मशीन लर्निंग कसं वापरतात, यावर आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : पुढच्या पिढीच्या नेटवर्कसाठी 'मॉड्युलर' मशीन लर्निंग, असं अभ्यासक्रमात आहे. सगळा डेटा ओतून एकच मोठं मॉडेल का शिकवत नाहीत?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, रत्नागिरी

मॉड्युलर म्हणजे प्रत्येक कामाला सुटं, छोटं मॉडेल, म्हणजेच मॉड्यूल. एकच मोठं न करण्याचं मुख्य कारण वेळेचं. ५जीमध्ये उपवाहकांतलं (डेटा नेणाऱ्या बारीक लहरींमधलं) अंतर ३० किलोहर्ट्झ असेल, तर कोणत्या फोनला किती जागा द्यायची हे बेस स्टेशन दर अर्ध्या मिलिसेकंदाला ठरवतं. हँडओव्हरचा, म्हणजे फोन एका सेलकडून (एका अँटेनाच्या टापूतून) दुसऱ्याकडे सोपवण्याचा निर्णय शेकडो मिलिसेकंदांत होतो, पावसाने टॉवरची बिनतारी लिंक काही मिनिटांत ढासळते आणि चाकरमानी वर्षातून दोन-तीनदाच गावी येतात. इतक्या वेगवेगळ्या चालींना एकच मॉडेल जुंपलं, तर ते कुठल्याच चालीने नीट चालत नाही.

२०१८ साली स्थापन झालेल्या ओ-रॅन अलायन्सची (खुल्या रेडिओ नेटवर्कसाठी मोबाइल कंपन्यांची संघटना) रचना याच विभागणीवर उभी आहे. एका सेकंदाहून सावकाश घ्यायचे निर्णय वरच्या नियंत्रकात होतात आणि तिथल्या प्रोग्रॅमना आरॲप म्हणतात. १० मिलिसेकंद ते १ सेकंद या टप्प्यातले निर्णय बेस स्टेशनजवळच्या नियंत्रकात होतात, तिथले प्रोग्रॅम म्हणजे एक्सॲप. त्याहून झटपट कामं बेस स्टेशन स्वतःच करतं. कोअर नेटवर्कमध्येही (टॉवरांमागच्या मध्यवर्ती नेटवर्कमध्ये) हेच घडलं. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने आपल्या रिलीज १५ या आवृत्तीत विश्लेषणासाठी एनडब्ल्यूडीएएफ हा घटक आणला आणि रिलीज १७ मध्ये त्याचे दोन भाग केले, एक मॉडेल शिकवणारा आणि दुसरा ते वापरून अंदाज देणारा.

मात्र तुकडे केले की सांधे आले, आणि गळती सांध्यातच होते. अंदाज देणारं मॉडेल नव्याने शिकवलं की त्याच्या आकड्यांची ठेवण बदलते. पुढचं मॉडेल जुन्या ठेवणीवर शिकलेलं असतं. दोन्ही वेगवेगळी तपासली तर उत्तम दिसतात, एकत्र चालवली की चुकतात. म्हणून प्रत्येक मॉड्यूलने आकड्यासोबत चार गोष्टी द्यायलाच हव्यात : एकक, कोणत्या वेळेचा आकडा, किती वेळ ग्राह्य आणि किती खात्रीचा. प्रोजेक्टमध्ये आधी हा करार लिहा, मग न्यूरल नेटवर्क निवडा. उलट क्रमाने केलेले प्रोजेक्ट बहुधा सादरीकरणाच्या दिवशीच अडतात.

प्रश्न : जुलैत धो-धो पाऊस लागला की आमच्या साइटवर वीज वाचवणारी प्रणाली भरदिवसा जादा कॅरिअर (फ्रिक्वेन्सीचे जादा पट्टे) बंद करते. लोक तर फोन लावतच असतात. असं का?
— टॉवर देखभाल तंत्रज्ञ, चिपळूण

तुमची साइट फायबरवर नसून मायक्रोवेव्ह (टॉवर-ते-टॉवर बिनतारी) लिंकवर असावी, असं धरून उत्तर देतो. ताशी १०० मिलिमीटरच्या सरीत १५ गिगाहर्ट्झची लिंक दर किलोमीटरमागे साधारण ६ ते ८ डेसिबल (सिग्नलच्या घटीचं माप) गमावते. ८० गिगाहर्ट्झच्या ई-बँडमध्ये हाच आकडा ३० च्या आसपास जातो. लिंक तुटू नये म्हणून रेडिओ आपलं मॉड्युलेशन (लहरीवर डेटा चढवण्याची पद्धत) खाली आणतो. १०२४-क्वॅम या दाट पद्धतीवरून क्यूपीएसके या साध्या पद्धतीवर आला, की प्रत्येक सिम्बॉलमागे (लहरीच्या एका ठोक्यामागे) १० बिटांऐवजी २ बिट जातात. नळ पाचपट बारीक झाला, असं समजा.

आता मॉड्यूलच्या बाजूने बघा. अंदाज करणाऱ्याला फक्त 'सेलमधून किती गिगाबाइट गेले' एवढंच दिसतं. तो म्हणतो, मागणी पडली. वीज वाचवणारा त्याच्यावर विश्वास ठेवतो आणि कॅरिअर झोपवतो. दोघांनीही आपापलं काम चोख केलं, पण 'गेलेला डेटा' आणि 'मागणी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सांध्यावर कुणी सांगितलंच नाही.

उपाय असे. अंदाज मॉड्यूलला जोडलेल्या फोनांची संख्या, रेडिओ ब्लॉकचा (फोनना वाटायच्या जागेच्या तुकड्यांचा) वापर आणि लिंकचं चालू मॉड्युलेशन, असे तीनही आकडे द्या. त्याच्या जोडीला शिकलेलं नव्हे, तर हाताने लिहिलेलं कुलूप ठेवा : मॉड्युलेशन ठरलेल्या पायरीखाली गेलं, की वीजबचत गोठवायची आणि लिंक पूर्ववत झाल्यावर ३० मिनिटांनीच सोडायची. काउंटर (साइटवर मोजलेले आकडे) बहुतेक ठिकाणी १५ मिनिटांनी भरतात आणि कोकणातली मोठी सर दहा मिनिटांत येऊन जाते, म्हणून ही सवड.

दोन खाचा सांभाळा. लिंक पूर्ण तुटली तर काउंटर येतच नाही, आणि काही ठिकाणी त्या रिकाम्या जागी शून्य भरलं जातं. मॉडेल मग शिकतं, की पावसात कुणी फोन करत नाही. रिकामं ते रिकामंच ठेवा. दुसरी खाच विजेची. पावसात वीज गेली आणि ४८ व्होल्टची बॅटरी उतरत चालली, तर याच घडीला वीजबचत जोरात हवी असते. तेव्हा कुलपाच्या वर बॅटरीचा नियम ठेवा, खाली नको.

प्रश्न : गणपतीत वाडीवर नेट मुंगीच्या पावलाने चालतं. कंपनी म्हणते, गर्दीचा अंदाज मशीन लावतं. मग लागत का नाही?
— मोबाइल दुकानदार, कुडाळ

तारखेवर शिकवलेलं मॉडेल चतुर्थीला हमखास फसतं. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे ती उलट पुढे सरकून १४ सप्टेंबरला जाते. 'गेल्या वर्षी याच आठवड्यात' असं बघणारं यंत्र रिकाम्या वाडीसाठी तयारी करतं आणि भरल्या वाडीत झोपतं. मॉडेलला द्यायचा आकडा 'चतुर्थीला किती दिवस उरले' हा. गौरी नक्षत्रावर येतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा रकाना हवा. दीड दिवस, पाच दिवस, अनंत चतुर्दशी या परतीच्या लाटाही वेगळ्या. शिमग्याचं गणित पुन्हा निराळं.

एका वाडीची पाच वर्षांची नोंद म्हणजे पाचच गणपती, आणि तेवढ्यावर काही शिकवता येत नाही. इथे मॉड्युलर रचना उपयोगी पडते : सणाची लाट कशी चढते-उतरते हे शेकडो गावांच्या एकत्रित डेटावर एका सामायिक मॉड्यूलने शिकायचं, आणि प्रत्येक साइटसाठी फक्त छोटी दुरुस्ती ठेवायची. अंदाज बरोबर आला तरी त्याने स्पेक्ट्रम वाढत नाही. रात्रीची वीजबचत थांबवणं, दुरुस्तीची कामं पुढे ढकलणं, चाकांवरचा टॉवर आधी आणून उभा करणं, एवढंच त्याच्या हातात असतं.

प्रश्न : भार वाटणारं आणि हँडओव्हर सुधारणारं, अशी दोन मॉड्यूल सिम्युलेटरवर एकत्र चालवली तर दोन्ही बिघडतात. रेल्वेमार्गालगतचे सेल घेतले आहेत.
— एम.टेक.चा विद्यार्थी, खेड

दोघेही एकाच आकड्याला हात घालत असतील : शेजारी सेलच्या जोडीचा ऑफसेट, म्हणजे फोन दोघांपैकी कुणाकडे झुकावा हे ठरवणारी सूट. भारवाला तो २ डेसिबलने वाढवतो, हँडओव्हरवाल्याला फोनच्या सेलमधल्या उड्या वाढलेल्या दिसतात, तो कमी करतो, भारवाला पुन्हा वाढवतो. ओ-रॅनच्या भाषेत हा थेट संघर्ष, आणि तो पकडणं सोपं. कठीण असतो आडून होणारा : एक अँटेनाचा झुकाव बदलतो, दुसरा ऑफसेट बदलतो, आणि दोघांनी मिळून तीच सीमारेषा दोनदा सरकवलेली असते.

प्रत्येक आकड्याला प्रत्येक सेलमध्ये एकच मालक ठेवा. दुसऱ्याने फक्त विनंती करावी. एका वेळी १ डेसिबलहून मोठा बदल नको, आणि बदलानंतर निदान दोन काउंटर-कालावधी थांबा, नाहीतर कारण आणि परिणाम ओळखू येत नाहीत.

रेल्वेचा भाग वेगळा काढा. ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. ट्रिगरचा वेळ (शेजारचा सिग्नल किती वेळ वरचढ राहिला की हँडओव्हर करायचा) १२८० मिलिसेकंद असेल, तर निर्णय होईपर्यंत ती ३६ मीटर पुढे असते, आणि साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्याच्या तोंडाशी तेवढ्या अंतरात आधीचा सिग्नल कोसळलेला असू शकतो. १६० मिलिसेकंद ठेवा म्हणजे साडेचार मीटर. बोगद्याच्या तोंडाच्या सेलजोड्या भार वाटणाऱ्याच्या यादीतून काढूनच टाका. प्रत्यक्ष नेटवर्कवर जायची वेळ आली तर आधी काही आठवडे मॉड्यूलला नुसता सल्ला देऊ द्या, अंमल नको.

प्रश्न : एआय आलं की खोल समुद्रात रेंज मिळेल का?
— मच्छीमार, हर्णै

नाही. समुद्रसपाटीपासून १०० मीटरवर, सड्यावर अँटेना असेल, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे होडीतल्या फोनपर्यंतची मर्यादा सुमारे ४८ किलोमीटर. फोन स्वतः जेमतेम ०.२ वॅटने बोलतो. त्याला कोणतंही मॉडेल आवाज देऊ शकत नाही. संकटाच्या वेळी व्हीएचएफ सेटचं चॅनेल १६ वापरा.

पण कांड्या दिसतात आणि कॉल लागत नाही, असं साधारण १४ किलोमीटरपलीकडे होत असेल, तर एक शक्यता तपासण्यासारखी आहे. ४जी सेलचा रँडम ॲक्सेस फॉरमॅट (फोनच्या पहिल्या हाकेचा साचा) शून्यावर ठेवला, तर त्याहून लांबच्या फोनची हाक वेळेच्या चौकटीत बसत नाही. फॉरमॅट १ वर ही मर्यादा सुमारे ७७ किलोमीटर होते. तक्रार करताना नुसतं 'रेंज नाही' म्हणू नका. किनाऱ्यापासून किती अंतरावर आणि किती कांड्या असताना कॉल लागला नाही, ते लिहून द्या आणि किनाऱ्याकडच्या सेलचा फॉरमॅट कोणता, ते विचारा.