परिषदेतल्या क्षेत्रभेटी: आरोग्य केंद्र आणि परवडणारी घरं बघायला जाताना

तुमचा प्रश्न मी असा समजलो. परिषदेच्या कार्यक्रमात एका दुपारी दोन क्षेत्रभेटी आहेत, एक सामुदायिक आरोग्य केंद्राची आणि दुसरी परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पाची. त्याच वेळेला सभागृहात तुमच्या विषयाची सत्रं आहेत. तेव्हा जावं का, दोन्हीकडे जावं का, आणि गेल्यावर विचारायचं काय?

जा. सादरीकरणं नंतर मागून घेता येतात, वक्त्याला चहाच्या वेळेत गाठता येतं. भेट हुकली की हुकली. मात्र दोन्हीकडे धावाधाव करू नका. एकाच ठिकाणी दुप्पट वेळ मिळत असेल तर तो घ्या. अपवाद एकच: दोन्ही संस्था एकाच वस्तीत असतील आणि एकमेकींकडे माणसं पाठवत असतील, तर दोन्ही बघाच. दवाखान्यातून घरापर्यंतचा जो रस्ता असतो ना, तिथेच माणसं गळतात, आणि तो रस्ता कुठल्याच सादरीकरणात दिसत नाही.

भेटीला जाताना मनात एक काल्पनिक माणूस घेऊन जा, एवढंच माझं मुख्य सांगणं आहे. समजा, मधुमेह असलेली एक बाई आहे. कमाई अनियमित, भाडं थकलेलं, खोलीच्या भिंतींना ओल. ती या संस्थेच्या दारात पहिल्यांदा येते तेव्हा तिला कोण भेटतं? कुठले कागद मागतात? कागद नसले तर? पुढची तारीख किती दिवसांनी मिळते, आणि मधल्या काळात तिची चौकशी कोण करतं? हा एक प्रवास पहिल्या फोनपासून औषध हातात पडेपर्यंत, किंवा घराची किल्ली मिळेपर्यंत, पायरी पायरीने विचारत जा. यजमान "ते आम्ही तिकडे पाठवतो" म्हणाले की लगेच विचारा, "पाठवलेल्यांपैकी पोचले किती, ते कळतं का तुम्हाला?" या प्रश्नावर खोलीत जी शांतता पसरते ती बरंच काही सांगते. आणि ज्यांच्याकडे उत्तर तयार असतं, ती संस्था खरंच बघण्यासारखी असते.

आरोग्य आणि घर या दोन गोष्टी परिषदवाल्यांनी उगाच एका दुपारी बांधलेल्या नाहीत. अमेरिकेतलं पहिलं सामुदायिक आरोग्य केंद्र बोस्टनच्या कोलंबिया पॉइंट या सरकारी गृहवसाहतीतच सुरू झालं, डिसेंबर १९६५मध्ये. जॅक गायगर आणि काउंट गिब्सन हे टफ्ट्स विद्यापीठातले दोन डॉक्टर त्यामागे होते. वसाहत शहरापासून तुटलेली, मोठं सरकारी रुग्णालय लांब, म्हणून दवाखानाच वसाहतीत आणला. गायगर विद्यार्थिदशेत दक्षिण आफ्रिकेत पोलेलाला जाऊन आले होते. तिथे सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने उपचारासोबत वस्तीचं पाणी, अन्न, घरं यांचाही विचार करणारं केंद्र उभं केलं होतं. म्हणजे या चळवळीच्या मुळाशीसुद्धा एक भेटच आहे, फक्त ती दीड तासाची नव्हती. पुढे मिसिसिपीतल्या माउंड बायू इथल्या केंद्रात कुपोषित मुलांसाठी डॉक्टर चिठ्ठीवर अन्न लिहून देऊ लागले आणि त्याचा खर्च औषधांच्या खात्यात टाकू लागले. वरून हरकत आली, तेव्हा गायगर यांचं म्हणणं असं की कुपोषणावरचा उपचार पुस्तकात अन्न हाच दिलेला आहे. त्याच केंद्राने विहिरी खणल्या, शौचालयं बांधली. तेव्हा तुम्ही जाल त्या केंद्रात जरूर विचारा: औषधाबाहेरचं काही लिहून द्यायची मुभा इथल्या डॉक्टरला आहे का, आणि त्याचे पैसे कुठल्या खात्यातून जातात?

घरांच्या बाजूनेही हेच दिसतं. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात क्षयाचं प्रमाण इतकं होतं की त्याला 'व्हिएन्नाचा रोग' म्हणत. तिथल्या महापालिकेने घरं बांधायला काढली त्यामागे कोंदट खोल्या आणि त्यातला आजार हे मोठं कारण होतं. १९३०मध्ये खुलं झालेलं कार्ल-मार्क्स-होफ एक किलोमीटरहून लांब आहे, पण बांधकाम जागेच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. बाकी मोकळी अंगणं. आत धुलाईघरं, स्नानगृहं, बालवाड्या, वाचनालय, दातांचा दवाखाना. आजही त्या शहरातली जवळपास निम्मी माणसं महापालिकेच्या किंवा मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या संस्थांच्या घरांत राहतात.

आता आरोग्य केंद्रात काय बघायचं. तपासणीच्या खोल्या आणि नवी यंत्रं तुम्हाला दाखवतीलच. तुम्ही रिसेप्शनजवळ थोडा वेळ काढा. फलक किती भाषांत आहेत, दुभाषा जागेवर आहे की फोनवर, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी दार उघडं असतं का. हे सगळं कोणाला न विचारताही दिसतं. परिषद अमेरिकेत असेल तर एक नियम माहीत असू द्या. केंद्र सरकारचं अनुदान घेणाऱ्या अशा आरोग्य केंद्रांत संचालक मंडळावर किमान ५१ टक्के सदस्य त्याच केंद्राचे रुग्ण असावे लागतात, आणि पैसे नाहीत म्हणून कोणाला परत पाठवता येत नाही. फी उत्पन्नाप्रमाणे ठरते: संघीय दारिद्र्य मर्यादेपर्यंत पूर्ण सवलत किंवा नाममात्र शुल्क, त्या मर्यादेच्या दुपटीपर्यंत काही ना काही सवलत. नियम कागदावर सगळीकडे पाळलेला असतो. तुम्ही विचारा, की मंडळातल्या रुग्ण सदस्यांमुळे गेल्या वर्षभरात कुठला निर्णय बदलला? वेळा बदलल्या? एखादी सेवा बंद होता होता राहिली? ठोस उदाहरण आलं तर समजा मंडळ जिवंत आहे.

आरोग्यसेविका असतील तर त्यांच्याशी बोलल्याशिवाय निघू नका. जामखेडला १९७०पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्याच, अनेकदा निरक्षर, बायकांना शिकवून आरोग्याचं काम उभं केलं आणि जगभरची माणसं ते बघायला येत राहिली. ब्राझीलने १९९४पासून कुटुंब आरोग्य कार्यक्रमात घरोघरी जाणारे कार्यकर्ते डॉक्टर आणि परिचारिकेच्या पथकातच बसवले. जिथे जाल तिथे विचारा की या सेविका पगारी आहेत की मानधनावर, आणि त्यांचा पैसा कायमच्या बजेटात आहे की एखाद्या प्रकल्पाच्या अनुदानात. प्रकल्पाचा पैसा संपला की सगळ्यात आधी याच माणसांना घरी बसवतात, आणि मग दवाखाना दारात आलेल्यांपुरताच उरतो.

घरांच्या प्रकल्पात पहिला प्रश्न हा, की परवडणारं म्हणजे कोणाला परवडणारं? उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत घरखर्च, हा ठोकताळा बऱ्याच ठिकाणी वापरतात. पण ३० टक्के कोणाच्या उत्पन्नाचे? अमेरिकेत पात्रता त्या भागातल्या मधल्या कुटुंबाच्या उत्पन्नावर (निम्मी कुटुंबं त्याहून वर, निम्मी खाली) ठरते, आणि 'त्या भागात' श्रीमंत उपनगरंही धरलेली असतात. त्यामुळे वस्तीतल्याच माणसाला वस्तीतलं 'परवडणारं' घर झेपत नाही, असं सहज होतं. तेव्हा टक्के ऐकून थांबू नका. प्रत्यक्ष भाडं किती, आणि ते भरणारा माणूस काम काय करतो, हे विचारा.

दुसरा प्रश्न मुदतीचा, आणि हा बहुतेक पाहुणे विचारतच नाहीत. अमेरिकेतली पुष्कळशी परवडणारी घरं १९८६च्या करसवलत योजनेतून उभी राहिली. त्यातली भाड्याची मर्यादा कायमची नसते. १९९०पासूनच्या प्रकल्पांना साधारण किमान ३० वर्षं, आणि काही परिस्थितीत १५ वर्षांनंतर मालकाला बाहेर पडायची वाट. सिंगापुरात सुमारे ८० टक्के रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांत राहतात, पण मालकी म्हणजे ९९ वर्षांचा भाडेपट्टा. म्हणून बिनदिक्कत विचारा: या घरांवरचं बंधन कुठल्या साली संपतं, आणि त्यानंतर इथल्या लोकांचं काय?

मग प्रतीक्षायादी. यादी उघडी आहे की बंद, नंबर क्रमाने लागतो की सोडतीने, आणि कोणाला नाकारतात. जुनी थकबाकी, गुन्ह्याची नोंद, व्यसन, कागदपत्रांचा घोळ, यातलं काय चालतं आणि काय नाही? न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेंबेरिस यांनी 'आधी घर' हा मार्ग सुरू केला तो याच मुद्द्यावर: व्यसन सोडा, औषधं नियमित घ्या, मग घर देऊ, ही अटच काढून टाकली. फिनलंडने २००८पासून तेच राष्ट्रीय धोरण केलं आणि रात्रनिवारे टप्प्याटप्प्याने स्वतंत्र भाडेकरार असलेल्या घरांत बदलले. आज सगळेच 'आम्हीही आधी घर देतो' म्हणतात. करारातल्या अटी दाखवा म्हणा, मग कळतं.

आणि जमलं तर देखभालीचं काम बघणाऱ्या माणसाला गाठा. कुठल्या मजल्यावर ओल येते, लिफ्ट किती वेळा बंद पडते, तक्रार केल्यावर किती दिवसांत कोणी येतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या घर आणि आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचनांत गर्दी, घरातली थंडी, उष्णता, इजा होण्याचे धोके आणि अपंगांना वावरता येणं हे विषय मुख्य आहेत. ती यादी डोळ्यांपुढे ठेवून एक जिना चढून पाहा.

आकड्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण भेटीत पाहुणे सगळ्यात जास्त इथेच भुलतात. 'आमच्याकडचे ९० टक्के लोक वर्षभर घरात टिकले' असं कोणी सांगितलं, तर हे ९० टक्के कशाचे? अर्ज केलेल्यांचे, निवडलेल्यांचे, की पहिला महिना पार केलेल्यांचे? मधे वारले ते कुठे मोजले? स्वतःहून सोडून गेले ते? आणि तुलना कोणाशी? न्यू जर्सीतल्या कॅम्डेनमध्ये वारंवार रुग्णालयात दाखल होणाऱ्या लोकांसाठी परिचारिका आणि समाजसेवकांचं पथक काम करत होतं. त्याचं खूप कौतुक झालं, कारण त्यांच्या रुग्णांचं पुन्हा दाखल होणं खरोखर कमी झालं होतं. मग ८०० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून, एकाला पथकाची मदत आणि दुसऱ्याला नेहमीचेच उपचार, असा अभ्यास झाला, तो २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत ६२ टक्क्यांच्या आसपास निघालं. अतिशय वाईट काळात निवडलेली माणसं पुढे काही प्रमाणात आपसूक सावरतात. ती सुधारणा कार्यक्रमाच्या नावावर जमा झाली होती. स्वतःच्या कामाची अशी कठोर तपासणी होऊ दिली म्हणून मला त्या संस्थेबद्दल आदर वाटतो. कॅनडातही पाच शहरांत असेच दोन गट पाडून 'आधी घर'चा मोठा अभ्यास झाला. त्यात लोक घरात टिकण्याचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं, पण मानसिक आजाराची लक्षणं आणि व्यसन दोन्ही गटांत साधारण सारखंच सुधारलं. माझ्या मते यावरून घर देणं कमी ठरत नाही. घराकडून दवाखान्याचं काम होईल ही अपेक्षाच चुकीची. यजमान दोन्ही श्रेय एकाच आकड्यात घालत असतील तर सौम्य शब्दांत वेगळे करून मागा.

आता वागण्याबद्दल. तुम्ही जाताय ती कोणाची तरी राहती जागा आहे किंवा कोणाच्या तरी आजारपणाची जागा. रुग्ण बसलेले असताना वीस जणांचा घोळका प्रतीक्षाकक्षातून नेणं मला अजिबात पटत नाही. आयोजकांनी तसं ठरवलं असेल तर लहान गट करा असं आधीच सुचवा. फोटो माणसांचे नकोत, दारावरच्या नावांचे नकोत, फळ्यावर लिहिलेल्या याद्यांचे तर नकोतच. रहिवासी कोणी बोलायला आलाच तर 'तुमच्यावर ही वेळ कशी आली' हे विचारू नका. त्याऐवजी 'इथे एक गोष्ट बदलायची झाली तर कुठली?' असं विचारा. माणूस खुलतो, आणि त्याला स्वतःची कर्मकहाणी अनोळखी लोकांपुढे मांडावी लागत नाही. रहिवासी वाटाड्या म्हणून फिरवणार असतील तर त्यांना त्याचा मोबदला मिळतो का, हे आयोजकांना विचारायला लाजू नका. वक्त्यांना मानधन आणि रहिवाशांना टाळ्या, हे बरं दिसत नाही.

तयारी फार लागत नाही. संस्थेचा वार्षिक अहवाल चाळा. अमेरिकेत ना-नफा संस्थांचा कर विवरणाचा 'फॉर्म ९९०' कोणालाही बघता येतो आणि अनुदानित आरोग्य केंद्रांची वार्षिक आकडेवारीही सरकार केंद्रनिहाय प्रसिद्ध करतं. तासभर त्यात घातलात की जे छापील आहे ते विचारण्यात यजमानांचा वेळ जात नाही. प्रश्न तीनच न्या: प्रवेशाचा, पैशाचा, आणि सोडून गेलेल्यांचा. टिपणं त्याच रात्री पूर्ण करा. दुसऱ्या दिवशीच्या सत्रांत सगळं मिसळून जातं. त्यांच्याविषयी काही लिहिणार असाल तर आधी त्यांना दाखवा.

नोंदणीचं मात्र आजच बघा. अशा भेटींच्या जागा बसमधल्या आसनांइतक्याच असतात आणि बऱ्याच परिषदांत त्यांचं शुल्क वेगळं असतं. चाकाची खुर्ची किंवा चालण्याची अडचण असेल तर आयोजकांना आत्ताच कळवा, कारण जुन्या इमारतींत लिफ्ट असेलच असं नाही.