मारणारा 17 वर्षांचा आहे, म्हणून सुटला का?

प्रश्न : कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरून मॅच बघून येताना झालेल्या मारामारीत माझ्या 19 वर्षांच्या मुलाचा जबडा मोडला. सीपीआर रुग्णालयात प्लेट बसवावी लागली. मारणारे तिघे. दोघे सज्ञान, ते कळंबा जेलमध्ये आहेत. हॉकी स्टिक घातली तो 17 वर्षांचा. तो तिसऱ्या दिवशी घरी आला आणि आमच्याच गल्लीतून बुलेट फिरवतो. त्याच्यावर सज्ञानासारखा खटला चालेल का? भाच्याने त्याचा फोटो स्टेटसला लावलाय. समोरचे म्हणतात, पैसे घ्या आणि मिटवा. – एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : सगळ्यात आधी भाच्याला तो फोटो काढायला सांगा. उद्या नको, आत्ताच. बाल न्याय अधिनियम, 2015च्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. 6 महिन्यांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मार तुमच्या मुलाने खाल्ला आणि आरोपी भाचा, असं व्हायला नको.

आता मुख्य मुद्दा. सज्ञानासारखा खटला चालवता येतो तो 16 ते 18 वयाच्या मुलावर, आणि तोही गुन्हा निर्घृण वर्गातला असेल तरच. निर्घृण म्हणजे ज्याला कायद्यात किमान 7 वर्षं शिक्षा सांगितली आहे, उदाहरणार्थ खून. तुमच्या फिर्यादीत भारतीय न्याय संहितेचं कलम 118(2), म्हणजे घातक हत्याराने जबर दुखापत, लागलं असणार. त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, पण किमान शिक्षा 1 वर्षच. पोलिसांनी 109, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लावलं तरी किमान 7 वर्षं त्यातही नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये अशा गुन्ह्यांना 'गंभीर' वर्गात टाकलं आणि 2021च्या दुरुस्तीने ते कायद्यातच आलं. त्यामुळे त्या मुलाची चौकशी बाल न्याय मंडळच करणार. सोबतचे दोघे सज्ञान असले तरी खटला एकत्र चालत नाही. या मागणीसाठी वकिलावर पैसे घालवू नका.

तो सुटलेला नाही, जामिनावर आहे. मुलांच्या बाबतीत जामीन हा नियम आणि नाकारणं हा अपवाद. तुम्हाला हे पटणार नाही, पण 17 वर्षांच्या पोराला कळंब्यात सराईतांच्या शेजारी ठेवलं, तर तो तिथून तुमच्या गल्लीत काय शिकून येईल, याचाही विचार करा. 'पोरगं लहान आहे, चुकलं' म्हणत त्याला बुलेटची किल्ली देणारं घरही मला तितकंच खटकतं. (त्या बुलेटबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ खाली पालकालाच 3 वर्षं कैद आणि 25 हजार दंड होऊ शकतो. वाहतूक शाखेत अर्ज द्या.)

जोर लावायचा तो बाल न्याय अधिनियमाच्या कलम 18 वर. दोष सिद्ध झाला तर मंडळ त्याला समज देऊन घरी पाठवू शकतं, तसंच 3 वर्षांपर्यंत विशेष गृहातही (अशा मुलांच्या सुधारगृहात) ठेवू शकतं. मधे समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, परिविक्षा अधिकाऱ्याची (अशा मुलाच्या वागणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची) देखरेख असे पर्याय आहेत. शिवाय ठरावीक ठिकाणी जायला बंदी घालता येते, व्यसनमुक्ती उपचार लावता येतात. तेव्हा सरकारी वकिलांमार्फत लेखी मागा : तुमची गल्ली आणि स्टेडियम बंद, दर महिन्याला परिविक्षा अधिकाऱ्यापुढे हजेरी, समाजसेवा, पालकांना दंड. सोबत सीपीआरचं डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिलं जोडा. आणखी किती ऑपरेशनं लागतील याचं डॉक्टरांचं पत्रही घ्या. नुसत्या रागापेक्षा असा कागद मंडळापुढे जास्त चालतो.

पुढे पोलीस भरतीत ही नोंद त्याला आडवी येणार नाही. त्याच अधिनियमाच्या कलम 24 प्रमाणे ती नष्ट होते. मला हे योग्य वाटतं.

पैसे घेऊन मिटवण्याचं म्हणाल, तर 118(2) आणि 109 आपसात मिटणारी कलमं नाहीत. बाँड पेपरवर सही करून प्रकरण संपणार नाही, उलट साक्षीच्या दिवशी तोच कागद तुमच्या अंगावर येईल. उपचाराचा खर्च ते देत असतील तर पावती करून घ्या, पण साक्ष बदलण्याची अट मान्य करू नका. मंडळाने निर्दोष सोडलं तर तुम्हाला अपील नाही. मात्र उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज, म्हणजे निकाल पुन्हा तपासा अशी मागणी, करता येतो, आणि त्यासाठी ऑगस्ट 2025 पासून मुंबईची गाडी पकडावी लागत नाही, उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) इथे कोल्हापुरातच आहे.