डोळ्याचा दाब 16, तरीही काचबिंदूची शंका का?

प्रश्न : माझे वय 54 वर्षे असून माझ्या आईला काचबिंदू होता. नुकत्याच झालेल्या तपासणीत माझ्या दोन्ही डोळ्यांचा दाब 16 निघाला. मात्र हवेचा झोत सोडणाऱ्या एका यंत्रावर तपासून डॉक्टरांनी ‘कॉर्नियाचा हिस्टेरेसिस 8, म्हणजे कमी आहे’ असे सांगितले आणि ओसीटी व फील्ड टेस्ट करून घेण्यास सुचवले. कॉर्नियाचा काचबिंदूशी काय संबंध?

उत्तर : डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे, ओसीटी (डोळ्याच्या आतील थरांचे प्रकाशाच्या साहाय्याने घेतलेले चित्र) आणि फील्ड टेस्ट (किती व्यापक भाग दिसतो, म्हणजे दृष्टिक्षेत्राची तपासणी) आपण लांबणीवर टाकू नयेत. काचबिंदूत इजा होते ती डोळ्याच्या मागच्या बाजूच्या ऑप्टिक नर्व्हला, म्हणजे दृष्टीचे संदेश मेंदूकडे नेणाऱ्या नसेला, आणि दाब 21 मिलिमीटर पारा या नेहमीच्या मर्यादेच्या आत राहूनही अशी इजा होऊ शकते.

शिवाय डोळ्याचा दाब आपण नेहमीच्या तपासणीत थेट मोजत नाही, तर कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, सपाट करण्यास किती जोर लागतो यावरून तो ताडतो. हान्स गोल्डमान यांनी 1950च्या दशकात तयार केलेले आणि आजही प्रमाण मानले जाणारे उपकरण कॉर्नियाचा 3.06 मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करते. त्याचे गणित कॉर्निया सुमारे अर्धा मिलिमीटर जाड आहे असे धरून बसवलेले आहे. कॉर्निया त्याहून पातळ असेल तर दाब प्रत्यक्षापेक्षा कमी, आणि जाड असेल तर जास्त दिसू शकतो. पण समान जाडीचे दोन कॉर्निया सारखेच ताठ असतीलच असे नाही, म्हणून केवळ जाडी पाहून दाबाचा आकडा दुरुस्त करणारे कोणतेही सूत्र मला भरवशाचे वाटत नाही.

हिस्टेरेसिस नेमका इथे उपयोगी पडतो. झोताने कॉर्निया आत दबताना एकदा सपाट होतो, क्षणभर खोलगट होतो आणि मूळ आकारात परतताना पुन्हा एकदा सपाट होतो. हे सारे पापणी मिटण्याआधीच घडून जाते. तो निव्वळ स्प्रिंगसारखा असता तर दोन्ही वेळा हवेचा दाब सारखाच भरला असता. प्रत्यक्षात धक्क्याची काही ऊर्जा कॉर्निया स्वतःत जिरवतो, त्यामुळे परतीचा आकडा कमी येतो. या दोन आकड्यांतील फरक म्हणजे हिस्टेरेसिस. निरोगी प्रौढांत तो सरासरी 10 ते 11 मिलिमीटर पारा असतो. तो कमी असलेल्या काचबिंदूच्या रुग्णांत दृष्टिक्षेत्र अधिक वेगाने घटते, असे वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत आढळले आहे. कॉर्निया आणि डोळ्याचे पांढरे कवच सलग असल्याने, धक्का जिरवण्याची कॉर्नियाची क्षमता ऑप्टिक नर्व्हभोवतीच्या ऊतींचीही काही कल्पना देत असावी, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते सयुक्तिक असले तरी सिद्ध झालेले नाही.

मात्र 8 या आकड्यावरून आपल्याला काचबिंदू आहे असे कोणीही ठरवू नये. वाढत्या वयात, तसेच केराटोकोनससारख्या (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येणाऱ्या) कॉर्नियाच्या विकारातही तो कमी येतो, आणि निरोगी व बाधित डोळ्यांचे आकडे बऱ्याच प्रमाणात एकमेकांत मिसळतात. तो जोखमीची खूण आहे. आईचा आजार ही दुसरी खूण आहे, आणि या दोन्हींमुळेच नर्व्हची प्रत्यक्ष तपासणी, ओसीटी आणि फील्ड टेस्ट आवश्यक ठरतात.

प्रश्न : चष्मा घालवण्यासाठी मी लेसिक करून घेतले आहे. माझ्या दाबाच्या आकड्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : लेसिकमध्ये कॉर्निया पातळ होतो आणि त्याचा हिस्टेरेसिसही घटतो. त्यामुळे गोल्डमान पद्धतीने मोजलेला दाब आपल्या बाबतीत बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसेल. कॉर्नियाचे गुणधर्म हिशेबात धरून दाब काढणारी यंत्रे आहेत, त्यांचा आकडा तुलनेने कमी फसवा असतो. शस्त्रक्रियेपूर्वीचे जाडीचे आणि दाबाचे कागद जपून ठेवा, आणि डोळ्यांच्या प्रत्येक नव्या डॉक्टरांना, त्यांनी विचारले नाही तरी, लेसिक झाल्याचे आधी सांगा.