व्हीएफएक्समध्ये काम करायचंय? वाचकांचे प्रश्न

बारावी झाली. व्हीएफएक्सच्या (सिनेमातल्या संगणकी दृश्यकरामतींच्या) कोर्सची फी तीन लाखांच्या घरात आहे. कर्ज काढून प्रवेश घेऊ का? (डिचोली)

एवढ्यात नको. ब्लेंडर हे थ्रीडी चित्रं घडवण्याचं सॉफ्टवेअर मोफत आहे. चित्रांचे तुकडे जोडण्याच्या न्यूक या सॉफ्टवेअरची शिकाऊंसाठीची आवृत्तीही फुकट मिळते. तिच्यातून १९२० बाय १०८० पर्यंतच चित्र निघतं, पण शिकायला ते पुष्कळ झालं. मोबाइलवर मयेच्या तळ्याचा एक शॉट घे, कॅमेरा ट्रॅक कर, म्हणजे कॅमेरा कसा हलला ते सॉफ्टवेअरकडून काढून घे, आणि पाण्यात थ्रीडी होडी बसव. होडीचं प्रतिबिंब, लाटेबरोबर तिचं हलणं, तिच्यावरचं ऊन हे सगळं खरं वाटेपर्यंत सोडू नकोस. सहा महिने असं करूनही ओढ टिकली, तर कोर्सचा विचार कर. तेव्हाही क्लासवाल्यांना विचार, मागच्या बॅचची मुलं आज कुठे काम करतात? त्यांच्याशी स्वतः बोल.

दोन वर्षं रोटो करतेय, मान मोडून येते. कॉम्पोझिटिंगमध्ये कशी जाऊ? (फोंडा)

रोटो म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये माणसाची किंवा वस्तूची कड रेखून ती वेगळी काढणं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटमध्ये १२० वेळा कडा तपासायची. थकवा येणारच. पण याच कामातून नजर तयार होते आणि कॉम्पोझिटरला, म्हणजे वेगवेगळी चित्रं एका शॉटमध्ये बेमालूम जोडणाऱ्याला, तीच लागते.

आभाळापुढे उभा माड घ्या आणि मागचं आभाळ बदला. झावळीची पाती एकेक करून रोटोने काढायला बसलात तर दिवस जातील आणि कडा थरथरतील त्या वेगळ्याच. आभाळ उजळ आणि पाती काळपट, म्हणून तिथे लुमा की, म्हणजे उजेड-अंधाराच्या फरकावरून भाग वेगळा काढायची पद्धत, वापरायची. खोड आणि आभाळाऐवजी मागे घर असलेली झावळी तेवढी रोटोने. खरी परीक्षा पुढे आहे. नवं, गडद आभाळ लावलं की पातींच्या कडांना जुन्या आभाळाची पांढुरकी झाक चिकटलेली दिसते. ती काढताना बारीक टोकं खाल्ली जाता कामा नयेत. शेवटी ग्रेन, म्हणजे चित्रातला बारीक रवाळपणा, जुळवा.

असे तीन-चार शॉट आधी-नंतर दाखवून शोरील, म्हणजे आपल्या कामाचा नमुना-व्हिडिओ, करा, दीड मिनिटाच्या आत. सर्वांत चांगला शॉट पहिला. कंपनीचे शॉट परवानगीशिवाय घालू नका.

गोव्यात राहून हे काम मिळेल का? (मडगाव)

जाहिराती आणि छोट्या चित्रपटांचं मिळतं. मोठे स्टुडिओ मुंबई, हैदराबाद, चेन्नई, बंगळुरूला आहेत आणि बरेचसे सुरक्षेपायी फुटेज घरी नेऊ देत नाहीत. सुरुवातीची काही वर्षं तिकडे काढावीत असं माझं स्पष्ट मत आहे. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून आपल्याकडे भरतो. नोव्हेंबरात सिनेमे पाहून परत फिरू नका, त्याच वेळी भरणाऱ्या फिल्म बाजारात आलेल्या निर्मात्यांना भेटा.

मुलगा मुंबईत रात्री दोन-दोनपर्यंत काम करतो, जादा पैसे नाहीत. त्यात एआय नोकरी खाईल म्हणतात. (पेडणे)

ताई, तुमची काळजी रास्त आहे. रोटो, शॉटमध्ये दिसणाऱ्या वायर पुसणं ही कामं यंत्राकडे जाऊ लागली आहेत. मुलाने एवढ्यावरच अडकून राहू नये. डिलिव्हरीच्या आठवड्यात जागरण होतं, हे समजू शकतं. महिनोन्महिने होत असेल, तर कंपनीने कमी पैशांत, कमी दिवसांत काम उचललं आहे आणि त्याची भरपाई तुमच्या मुलाच्या झोपेतून चालली आहे. हे चूक आहे, आणि या धंद्यात ते सर्रास चालतं. २०२५च्या फेब्रुवारीत टेक्निकलरसारखी जुनी, बडी व्हीएफएक्स कंपनी कोसळली, तेव्हा भारतातल्या कलाकारांच्याही नोकऱ्या एका फटक्यात गेल्या. म्हणून कंपनीसाठी तब्येत पणाला लावू नये. जादा तास तारखेनिशी लिहून ठेवायला सांगा आणि बदली सुट्टी ईमेलवरच मागू दे. चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला की दुसरीकडे शोरील पाठवायला लागू दे.