पाठीवर हात पोचत नाही, तिथल्या एक्झिमाचं काय करायचं?

प्रश्न: डॉक्टर, मला लहानपणापासून एक्झिमा (इसब) आहे. हातावरचा आता बराच कंट्रोलमध्ये आहे पण पाठीवर खांद्यांच्या मधे जो पट्टा आहे तो काही केल्या जात नाही. मी एकटी राहते, क्रीम लावून द्यायला कोणी नाही, हात वळवून जिथवर पोचेल तिथवर लावते. स्टिरॉइडची छोटी ट्यूब दोन महिने झाले तरी संपलेली नाही. खाज असह्य झाली की दाराच्या चौकटीला पाठ घासते. औषध बदलून घेऊ का?

उत्तर: बदलायची घाई नको, आधी आहे ते औषध तिथे पोचतंय का ते बघू. ट्यूब दोन महिने पुरली म्हणता, मला शंका तिथेच येते. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत क्रीमची रेघ काढली की ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला तेवढी लागते. अख्खी पाठ आणि कुल्ले धरले तर अशा 7 रेघा, म्हणजे साडेतीन ग्रॅम. तुमचा पट्टा त्याहून लहान असेल, तरी हिशोब करून बघा. स्टिरॉइड म्हटलं की लोक हात आखडता घेतात, आणि मग महिनोन्महिने थोडं थोडं लावत बसण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांत पुरेसं लावून मोकळं होणं कधीही बरं.

आता पोचायचं कसं. पाठीला लोशन लावायचे लांब दांड्याचे अॅप्लिकेटर मिळतात, घेताना पुढचा भाग गुळगुळीत आहे ना ते बघा, स्पंजवाला असेल तर अर्धं औषध तोच पितो आणि ओला राहून घाणही धरतो. नाहीतर घरातलं लांब दांड्याचं सिलिकॉनचं उलथनं घ्या (मग ते स्वयंपाकाला नाही!), त्याच्या पुढच्या टोकाला प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळा, त्यावर क्रीमची रेघ, आरशाकडे पाठ करून हातात दुसरा छोटा आरसा धरून बघत बघत लावा आणि झालं की फिल्म फेकून द्या. लावताना वरून खाली, लव जशी वळते तसं, हलक्या हाताने. रगडून चोळलं तर खाज उलट चाळवते आणि केसांच्या मुळांशी पुटकुळ्या येतात.

मॉइश्चरायझरचंही तेच, फक्त ते भरपूर आणि रोज, पट्टा बरा दिसत असला तरी. पाठीसाठी स्प्रे सोयीचा पडतो. कोमट पाण्याने 5 ते 10 मिनिटांत अंघोळ उरका, टॉवेलने टिपून घ्या, पुसू नका, आणि अंग ओलसर असतानाच लावा. स्टिरॉइड आणि मॉइश्चरायझर यांच्यात अर्धा तास जाऊ द्या, एकावर एक थापलं तर औषध पातळ होतं.

एक गोष्ट कोणी सहसा विचारत नाही पण मी प्रत्येकाला सांगते, केस धुताना शॅम्पू आणि कंडिशनर जातो कुठे? पाठीवरूनच. त्यातला वास, प्रिझर्व्हेटिव्ह सगळं तिथे बसतं. डोकं पुढे वाकवून केस धुवा आणि पाठ शेवटी साध्या पाण्याने धुवा. कपड्यांच्या मानेजवळची लेबलं कापून टाका. आणि चिकट मलम मुरलेले कपडे, चादरी लवकर पेट घेतात, धुतले तरी अंश राहतो, तेव्हा गॅस आणि सिगरेटपासून जपा.

चौकटीला पाठ घासणं मात्र बंद. कळतंय, त्या क्षणी स्वर्गसुख असतं ते, पण त्वचा फाटते, जाड होते आणि जाड त्वचा आणखी खाजते. मॉइश्चरायझर फ्रीजमध्ये ठेवून गार गार लावा किंवा थंड ओलं फडकं ठेवा.

हे सगळं नीट दोन-तीन आठवडे करूनही फरक नसेल तर मग औषधाचा नाही, निदानाचा विचार परत करायचा. मोबाईलने पाठीचा फोटो काढा. चट्टा गोल असेल, कड उठलेली आणि मधे साफ, तर तो नायटा असू शकतो, स्टिरॉइडने तो वरवर दबतो आणि पसरतो. आणि खाज एकाच बाजूला, खांद्याच्या हाडाच्या आतल्या कडेला, पुरळ नाही नुसता काळपट डाग, असं असेल तर प्रॉब्लेम कदाचित मणक्याजवळच्या नसेचा असतो, तिथे कितीही क्रीम लावा, फारसा उपयोग होत नाही.

प्रश्न: पायावरच्या इसबासाठी दिलेली ट्यूब काखेत आणि जांघेत लावली तर चालेल का? डोक्यातही आहे थोडं.

उत्तर: नका लावू. काख आणि जांघ इथली कातडी पातळ, त्यात घड्यांमध्ये औषध कोंडून राहतं म्हणून जास्त शोषलं जातं, कातडी आणखी पातळ होऊन कायमचे व्रण पडू शकतात. तिथे डॉक्टर सौम्य स्टिरॉइड किंवा स्टिरॉइड नसलेलं मलम देतात. डोक्यात मलम लावलंत तर केसच माखतील, त्यासाठी लोशन किंवा फोम मागून घ्या, आणि कंगव्याने भांग पाडत पाडत थेंब कातडीवर टाका, कानामागे विसरू नका. कुठेही पू, ताप, किंवा दुखणारे एकसारखे बारीक फोड दिसले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.